गोठा कागदाचा

आगमनकाळाचा पहिला रविवार उजाडला की आपल्या घरोघरी माळ्यावरची खोकी खाली उतरू लागतात. गेल्या नाताळातील तारा, गोठ्यातील मूर्ती, दिव्यांच्या गुंतलेल्या माळा आणि तळाशी एखाद्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलेली जुनी भेटकार्डे. मूर्ती गोठ्यात जातात, तारा दारावर चढतो. कार्डांचा डबा मात्र जसाच्या तसा पुन्हा माळ्यावर जातो. या जुन्या कागदांचे काय करावे, हा प्रश्न वाचकांस क्षुल्लक वाटेल. परंतु याच प्रश्नाने आम्हांस एकदा चांगला धडा शिकविला आणि त्या धड्यानंतरच कागदाच्या गोठ्यांचा इतिहास जाणून घेण्याची बुद्धी आम्हांस झाली. म्हणून तो धडा प्रथम सांगणे उचित होईल.

गोष्ट सुमारे वीस वर्षांपूर्वीची. त्या वेळी आम्ही ज्या धर्मग्रामात सेवेस होतो, तेथे तरुणांनी गोठ्यांची स्पर्धा ठेविली होती. परीक्षकांचे प्रमुखपद आमच्याकडे आले. पहिले पारितोषिक आम्ही थर्माकोलच्या एका भव्य गोठ्यास दिले; त्यात विजेवर चालणारा झरा होता आणि डोंगरावर बर्फही होते. मंडपाच्या कोपऱ्यात दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीचा गोठा होता. भिंती लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्याच्या, छप्पर जुन्या कॅलेंडरचे, तारा चहाच्या पुड्यातील चांदीचा आणि तीन राजे भेटकार्डांतून कापून चिकटविलेले. तिन्ही वेगवेगळ्या मापांचे. आम्ही तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणालो, "छान आहे, बाळा. पुढच्या वर्षी थोडा खर्च कर, म्हणजे नंबर येईल." ती काही बोलली नाही.

पुढे घरांस आशीर्वाद देण्यासाठी फिरत असता आम्ही तिच्या घरी गेलो. तिची आई म्हणाली, "फादर, ती कार्डे तिच्या आजीची होती. तिचा काका बोटीवर असतो. दर नाताळाला तो जिथे असेल तिथून कार्ड पाठवायचा. आजी गेली या वर्षी. पोरीने तिच्या ट्रंकेतली कार्डे काढून राजे केले." आम्ही त्या गोठ्याकडे दोन मिनिटे पाहिले होते आणि आम्हांस त्यात केवळ रद्दी दिसली होती. तीन राजे वेगवेगळ्या मापांचे का, हे विचारण्याचेही आम्हांस सुचले नव्हते. ते तीन वेगळ्या वर्षी, तीन वेगळ्या बंदरांतून आले होते.

कागदाचा गोठा हा गरिबीने आलेला कमीपणा आहे काय? इतिहासाकडे वळलो, तेव्हा उत्तर अगदी उलट मिळाले.

मुळात कागद हीच जुन्यातून नवे करण्याची वस्तू होय. आज कागद लाकडाच्या लगद्यापासून होतो. परंतु ही रीत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळली. त्यापूर्वी कित्येक शतके युरोपात कागद होत असे तो चिंध्यांपासून. जुने सदरे, फाटक्या चादरी, तागाची जीर्ण वस्त्रे गोळा करणारे लोक गावोगाव हिंडत. त्या चिंध्या कुजवून, कुटून, पाण्यात कालवून चाळणीवर पसरल्या की कागद तयार होई. इटलीतील फाब्रियानो हे गाव तेराव्या शतकापासून या उद्योगासाठी प्रसिद्ध आहे. याच शतकात आणि त्याच मध्य इटलीत, १२२३ च्या नाताळात, संत फ्रान्सिस असिसीकर यांनी ग्रेच्चो येथे गवत घातलेली गव्हाण, बैल आणि गाढव आणवून ख्रिस्तजन्माचा सोहळा साजरा केला. गोठ्याची परंपरा आपण तेथपासून मोजतो. पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी गोठ्याचा अर्थ सांगणारे आपले पत्र ग्रेच्चो येथेच जाऊन स्वाक्षरित केले, ते याच स्मरणाने. गोठा आणि चिंध्यांचा कागद हे असे एकाच मुलखात, एकाच शतकात नावारूपास आले. संत लूक सांगतो की बाळ येशूला कापडात गुंडाळून गव्हाणीत ठेविले होते. ज्या कागदाने पुढे असंख्य घरांत त्या बाळाचे रूप धारण केले, तो कागदही एकेकाळी कोणाच्या तरी अंगावरचे कापड होता.

टाकाऊ कागदातून पवित्र वस्तू घडविण्याचे काम प्रथम मनावर घेतले ते मठांतील व्रतस्थ भगिनींनी. सतराव्या व अठराव्या शतकांत फ्रान्स, इटली व जर्मन भाषक प्रदेशांतील बंदिस्त मठांत संतांचे अवशेष ठेवण्यासाठी काचेच्या चौकटी सजविल्या जात. सोने-चांदी सर्वच मठांना परवडणारे नव्हते. म्हणून या भगिनी कागदाच्या अरुंद पट्ट्या कापीत, त्यांची कड सोनेरी करीत आणि त्या गुंडाळून, वळवून, चिकटवून फुले, वेली व नक्षी निर्माण करीत. दूरून पाहणाऱ्यास ती सोन्याच्या तारांची कलाकुसर वाटावी. आज आपल्या मुली शाळेत क्विलिंग म्हणून जे शिकतात, त्याचे हे थोर पूर्वरूप होय. अवशेषाचा तुकडा, रेशमाची चिंधी, संताचे छापील चित्र आणि हाताने लिहिलेले नाव हे सारे एका चौकटीत बसविताना त्या भगिनी जे करीत होत्या, त्यास आज आपण कोलाज म्हणतो. त्यांनी त्यास निराळे नाव दिले नाही. त्यांच्या दृष्टीने ते प्रार्थनेतीलच एक काम होते, आणि बहुतेक चौकटींवर ती करणारीचे नावही नाही.

मठाच्या भिंतीआडची ही कला सामान्यांच्या घरी आली ती काहीशा विपरीत कारणाने. चर्चमधील गोठ्यांची प्रथा वाढविण्यात येशूसंघीयांचा मोठा वाटा आहे. प्राग येथे १५६२ मध्ये त्यांनी उभारलेला गोठा हा अशा गोठ्यांच्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी एक मानला जातो. पुढील दोन शतकांत ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील चर्चमधून लाकडी, मेणाचे, रेशमी वस्त्रे ल्यालेले भव्य गोठे उभे राहू लागले. परंतु १७८० मध्ये सम्राट दुसरा जोसेफ याच्या हाती सर्व सत्ता आली. धर्माचरणातील जे जे त्याला भाबडे व खर्चिक वाटे, त्यावर त्याने हुकूम काढले. मठ बंद झाले, मिरवणुका कमी झाल्या आणि चर्चमध्ये गोठे मांडण्यावरही बंदी आली.

सम्राटाची अपेक्षा होती की गोठा नाहीसा होईल. झाले ते असे की गोठा चर्चमधून निघाला आणि लोकांच्या घरांत शिरला. बोहेमिया, मोराविया व टिरोल येथील विणकर, सुतार आणि शेतकरी यांनी तो आपल्या घराच्या कोनाड्यात मांडला. ज्यांस लाकूड कोरता येत होते, त्यांनी लाकडाचा केला. ज्यांस ते जमत नव्हते किंवा परवडत नव्हते, त्यांनी पुठ्ठ्यावर चित्रे रंगविली, कडेने कापली आणि मागे काडी लावून शेवाळात खोवून उभी केली. कागदाच्या मेंढ्या, कागदाचे मेंढपाळ, कागदाची पवित्र मरिया. बंदी पुढे सैल झाली. गोठा चर्चमध्ये परतला. पण घरातून तो पुन्हा गेला नाही. घरात गोठा मांडण्याची आज आपल्याला स्वाभाविक वाटणारी रीत त्या मुलखांत इतकी खोल रुजली, त्यामागे गरिबांच्या कागदाचा मोठा आधार आहे.

याच सुमारास छपाईनेही कूस पालटली. आलोइस झेनेफेल्डर याने १७९६ पासून दगडावरून छपाईची, म्हणजे शिळाछापाची युक्ती बसविली आणि १८३७ मध्ये गोदफ्रुआ एंगेलमान याने रंगीत शिळाछापाचे एकाधिकारपत्र मिळविले. फ्रान्समधील एपिनाल व जर्मनीतील नॉयरुपिन ही गावे स्वस्त चित्रपत्रकांसाठी ओळखली जाऊ लागली. अशा चित्रपत्रकांत गोठ्याचीही पत्रके असत. ती आणावी, कापावी, पुठ्ठ्यावर चिकटवावी आणि मांडावी. १८४३ मध्ये लंडनला हेन्री कोल याने जॉन कॅलकॉट हॉर्सली या चित्रकाराकडून नाताळचे पहिले व्यापारी भेटकार्ड काढून घेतले. एका कार्डाची किंमत एक शिलिंग होती. गरिबाला ते घेणे अशक्यच होते. परंतु रंगीत शिळाछाप स्वस्त होताच शतकाच्या अखेरीस कार्डांचा पूर लोटला. देवदूत, तारे, फुले यांची उठावाची, कडेने कापलेली छोटी चित्रेही जर्मनीतून सर्वत्र जाऊ लागली. मग घरोघरच्या बायका-मुलांनी या कार्डांस व चित्रांस कात्री लावून वहीत, पडद्यांवर, खोक्यांवर आणि नाताळच्या झाडावरील शोभेच्या वस्तूंवर त्यांची नवी मांडणी केली. १९१२ मध्ये पिकासो व ब्राक यांनी चित्रात कागद आणि छापील कापड चिकटविले, तेव्हा कलाजगतात खळबळ उडाली आणि चिकटविणे या अर्थाच्या फ्रेंच शब्दावरून आलेले कोलाज हे नाव प्रतिष्ठित झाले. त्यांचे श्रेय त्यांना अवश्य द्यावे. पण खळ आणि कात्री घेऊन बसलेली घरे त्यांच्याही फार आधीची आहेत.

या साऱ्या इतिहासाचा कळस आम्हांस दिसला तो पोलंडमधील क्राकूव नगरीत. पोप संत दुसरे जॉन पॉल यांची ही नगरी. ते १९६४ मध्ये तिचे महागुरुस्वामी झाले आणि तेथूनच १९७८ मध्ये रोमला गेले. या शहरात गोठ्यास शोप्का म्हणतात. शोप्का म्हणजे साधी शेड, गुरांचे छप्पर. प्रत्यक्षात क्राकूवची शोप्का पाहिली तर छप्पर कोठेच दिसत नाही. दिसतो तो अनेक मजल्यांचा, मनोऱ्यांचा, घुमटांचा झगमगता राजवाडा.

तो बांधणारे कोण? एकोणिसाव्या शतकात हे काम केले ते उपनगरांतील गवंड्यांनी व बांधकामावरील मजुरांनी. तिकडील हिवाळा असा की चुना गोठतो आणि बांधकाम थांबते. हात रिकामे, चूल मात्र पेटती ठेवावयाची. तेव्हा हे लोक लाकडाचा व पुठ्ठ्याचा सांगाडा करून त्यावर रंगीत कागद व चांदी चिकटवीत आणि तो गोठा घेऊन नाताळची गीते गात, बाहुल्यांचा खेळ करीत घरोघर फिरत. मोठा गोठा श्रीमंतांच्या दिवाणखान्यात खेळासाठी, लहान गोठे बाजारात मुलांसाठी. क्रोवोद्रझा या उपनगरातील मिखाउ एझेनेकिएर हा गवंडी या कामात इतका निष्णात होता की त्याचा गोठा आजही क्राकूवच्या लोकजीवन संग्रहालयात जपलेला आहे आणि पुढील कारागिरांनी त्याचाच नमुना गिरविला.

या गवंड्यांनी बेथलेहेम पाहिले नव्हते. त्यांनी आपले शहरच बेथलेहेम केले. संत मरियेच्या चर्चचे उंच मनोरे, वावेल टेकडीवरील झिग्मुंट प्रार्थनालयाचा सोनेरी घुमट, बाजारपेठेतील कापडबाजाराच्या इमारतीचा नक्षीदार माथा, जुन्या तटाचे बुरूज हे सारे निरनिराळ्या ठिकाणांहून उचलून त्यांनी एका इमारतीत जोडले. ज्या इमारतींची डागडुजी उन्हाळ्यात दगडा-विटांनी करावयाची, त्याच हिवाळ्यात कागदाने रचावयाच्या. पवित्र कुटुंब बहुधा वरच्या मजल्यावर विराजमान असते आणि खाली शहरातील लोक, दंतकथांतील वीर, अगदी वावेलचा अग्निमुखी अजगरसुद्धा उभा असतो. खिडक्यांस रंगीत पातळ कागद, आत दिवा. आणि भिंतींवर चॉकलेटच्या वेष्टनांची वर्षभर साठविलेली चांदी. ही चांदी घड्या घालून, चुरगाळून, ठसे उमटवून अशी लाविली जाते की ती चिरेबंदी बांधकामासारखी भासते.

आता हे ध्यानी घ्यावे की १७९५ पासून १९१८ पर्यंत पोलंड हे राष्ट्र नकाशावर नव्हतेच. तीन साम्राज्यांनी ते वाटून घेतले होते. ज्या वावेल टेकडीवर पोलंडच्या राजांचे राज्याभिषेक झाले, तेथे ऑस्ट्रियाचे सैनिक राहत होते. अशा काळात एक गवंडी त्या टेकडीवरचा घुमट चांदीच्या कागदाने घडवितो आणि त्याखाली बाळ येशूला ठेवितो, तेव्हा आमचा राजा कोण आणि आमचे घर कोणते, हे तो एकही शब्द न उच्चारता सांगत असतो.

पहिल्या महायुद्धानंतर देश स्वतंत्र झाला, पण गोठे घेऊन फिरण्याची रीत मंदावली. ती लोपू नये म्हणून येझी दोब्रझिस्की या अभ्यासकाच्या पुढाकाराने डिसेंबर १९३७ मध्ये शहराच्या मुख्य चौकात, कवी मिट्स्कियेविच यांच्या पुतळ्यापाशी, गोठ्यांची पहिली स्पर्धा भरली. दोनच वर्षांत जर्मन सैन्य शहरात आले. वावेलच्या राजवाड्यात नाझी राज्यपाल राहू लागला; १९४० मध्ये तो पुतळाही पाडण्यात आला. स्पर्धा थांबली. युद्ध संपताच, १९४५ च्या डिसेंबरात, लोक आपले कागदी गोठे घेऊन पुन्हा चौकात आले. पुतळा नव्याने उभा राहावयास १९५५ साल उजाडले. गोठा त्याच्या दहा वर्षे आधी परतला होता.

पुढे साम्यवादी राजवट आली. क्राकूवच्या सीमेवर नोवा हुता ही नवी वसाहत बांधण्यात आली, ती चर्चवाचून. तेथे चर्च व्हावे म्हणून लोकांनी अनेक वर्षे झगडा दिला. १९६० मध्ये एका क्रुसाच्या रक्षणासाठी रस्त्यावर झुंज झाली. बिशप वोयतिवा, म्हणजेच पुढील पोप, त्या वसाहतीत उघड्यावर, गोठविणाऱ्या थंडीत नाताळची मध्यरात्रीची मिस्सा अर्पण करीत. १९७७ मध्ये त्यांनीच तेथील चर्चचे पवित्रीकरण केले. त्या सर्व वर्षांत जुन्या शहराच्या चौकात दर डिसेंबरात गोठ्यांची स्पर्धा मात्र भरत राहिली. सरकारी भाषेत ती लोककला होती. पण त्या लोककलेच्या मध्यभागी बाळ येशू होता.

आजही डिसेंबरच्या पहिल्या गुरुवारी कारागीर आपले गोठे पुतळ्याच्या पायऱ्यांवर आणून ठेवितात. त्यांत माणसाहून उंच गोठे असतात, तसे तळहातावर मावणारेही. शाळकरी मुले असतात, तशी तीन-तीन पिढ्यांची कुटुंबेही. दुपारी संत मरियेच्या मनोऱ्यावरून कर्णा वाजला की मिरवणूक निघते, आणि मग शहराचे संग्रहालय ते गोठे प्रदर्शनात मांडते. २०१८ मध्ये युनेस्कोने या परंपरेस मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत स्थान दिले. चॉकलेटच्या चांदीने केवढा मान मिळविला!

वाचकहो, आता आपल्या माळ्यावरच्या डब्याकडे परत येऊ. २०१८ मध्येच महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकबरोबर सजावटीच्या थर्माकोलवरही बंदी आणली. त्या वेळी आमच्या धर्मग्रामात काहींनी विचारले, "फादर, आता गोठा कशाचा करायचा?" आमचे उत्तर त्या दिवशी तयार होते, कारण ते आम्हांस एका मुलीने आधीच दिले होते. प्रत्येक घरात लग्नपत्रिकांचा गठ्ठा असतो. तिचा पुठ्ठा भिंतीला पुरेसा जाड असतो. वह्यांची पाठकोरी पाने, मिठाईची खोकी, गेल्या वर्षीची कॅलेंडरे, अगरबत्तीची वेष्टने, चॉकलेटची चांदी हे सारे वर्षभर एका पिशवीत टाकीत जावे. गव्हाच्या पिठाची खळ शिजवावी, तिच्यात चिमूटभर मोरचूद घालण्याची जुनी रीत होती, पण ते विषारी असल्याने मुलांच्या हाती नको. रोज ताजी खळ करावी हे बरे. बांबूच्या कामट्या आणि पतंगाचा कागद यांचा तारा ज्यांनी केला आहे, त्यांना हे काम शिकवावे लागणार नाही. आणि क्राकूवच्या गवंड्यांनी केले तसे आपणही करावे: बेथलेहेमच्या परक्या चित्राची नक्कल करण्याऐवजी आपल्या चर्चचा दर्शनी भाग, आपल्या गावची विहीर, आपले कौलारू घर गोठ्यात येऊ द्यावे. प्रभू आपल्याच वस्तीत जन्मास येतो, ही श्रद्धा त्यातून मुलांस समजेल.

एक सूचना मात्र आग्रहाने कराविशी वाटते. प्रत्येक जुना कागद कापण्यासाठी नसतो. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये प्रथम छापले गेले, आणि त्याच शतकात आणखी दोनदा. पण त्या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ते महाकाव्य आपल्या हाती आले ते भाविकांनी हाताने लिहून जपलेल्या प्रतींमुळे. तेव्हा आजोबांची पत्रे, बाप्तिस्म्याचे दाखले, जुन्या प्रार्थनांच्या वह्या, मागे नाव लिहिलेली छायाचित्रे यांना कात्री लावू नये. त्यांची प्रत काढावी आणि प्रत कापावी. कोणता कागद जपावा आणि कोणता नव्याने मांडावा, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून ठरवावे. ते विचारताना ज्या आठवणी निघतील, त्या गोठ्याहूनही मोलाच्या असतील. त्या मुलीला आजीच्या कार्डांची कथा ठाऊक होती म्हणूनच तिच्या राजांना अर्थ होता. ती कथा परीक्षकांनी विचारली नाही, हा दोष आमचा.

त्या धर्मग्रामातून आमची बदली होऊन बरीच वर्षे लोटली. ती मुलगी आता स्वतः आई झाली असेल. तिची क्षमा मागण्याचे तेव्हा राहून गेले. ते या पानांवरून मागतो. आज आम्ही जेथे सेवेस आहोत, तेथे गोठ्यांच्या स्पर्धेचा एक नियम आम्ही बदलून घेतला आहे. प्रत्येक गोठ्याजवळ तो करणारा मुलगा वा मुलगी उभी राहते, आणि गुण देण्यापूर्वी परीक्षकांनी तिला विचारावयाचे असते: "बाळा, हा कागद कुठून आणलास?"